नवीन फीचर एकही नाही, तरी अ‍ॅपचं काम संपत नाही. तुमचंही असंच चाललंय का?

आठवणकार

नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

दिवसा नोकरीत बॅकएंडचं काम आणि रात्री एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप, असं माझं चाललंय. गोळ्या-औषधांची वेळ झाली की आठवण करून देणारं अ‍ॅप आहे. कोटलिन भाषेत लिहिलंय, स्क्रीन सगळे गूगलच्या जेटपॅक कंपोजमध्ये, सर्व्हर नाही, लॉगिन नाही, डेटा फोनवरच राहतो आणि तो एन्क्रिप्ट केलेला आहे. वापरणारे फार नाहीत पण जे आहेत ते रोज वापरतात त्यामुळे सोडूनही देता येत नाही.

तर झालंय असं की मागच्या वर्षभरात मी यात एक म्हणजे एकही नवीन गोष्ट घातलेली नाही आणि तरी शनिवार-रविवार त्यातच गेलेत. ऑगस्ट २०२५ नंतर प्ले स्टोअरवर अपडेट टाकायचं तर टार्गेट एपीआय ३५ हवं (म्हणजे अँड्रॉइड १५ चे नियम पाळायचे), म्हणून ३५ केलं. ३५ केल्याबरोबर अँड्रॉइड १५ वर एज-टू-एज, म्हणजे स्क्रीन कडेपासून कडेपर्यंत पसरणं, सक्तीचं झालं आणि औषध भरायच्या स्क्रीनवरचं 'जतन करा' बटण खालच्या नेव्हिगेशन बारच्या मागे जाऊन बसलं. मला पत्ताच नाही, कारण माझ्या फोनवर जेश्चर आहेत. ज्यांच्याकडे खाली तीन बटणं आहेत त्यांना ते अर्धंमुर्धं दिसायचं आणि दाबायला गेलं की होम स्क्रीन. एका काकांनी एक स्टार देऊन लिहिलं, 'औषध लिहिलं की अ‍ॅप बंद पडतं'. अहो बंद पडत नव्हतं, होम दाबलं जात होतं! हे कळायला तीन रात्री गेल्या आणि दुरुस्ती काय तर इन्सेट्सच्या पॅडिंगची (त्या बारइतकी जागा सोडायची) एक ओळ.

ते मिटतंय तोवर १६ केबी पेज साइजची वॉर्निंग. मी आयुष्यात सी प्लस प्लसची एक ओळ या अ‍ॅपसाठी लिहिलेली नाही, मग माझ्याकडे नेटिव्ह लायब्ररी (सी-सी प्लस प्लसमधला तयार कोड) आली कुठून?

आणि आता नवीनच. अलार्मचा कोड जुना झाला होता म्हणून एआयकडून तो भाग अख्खा पुन्हा लिहून घेतला. दिसायला माझ्यापेक्षा सुबक कोड, टेस्टही त्यानेच लिहिल्या, सगळ्या पास. पण दोन-तीन जणांची तक्रार आलीय की दिवसात फक्त शेवटचंच औषध वाजतं, बाकीची गप्प. माझ्या फोनवर वाजतं (मी टेस्टला एकच औषध लावतो, तेही आत्ता लिहिताना लक्षात येतंय).

हे कमी म्हणून लोक आयफोनवर कधी आणताय विचारतात. फ्लटर, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह की कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म? एकदाच लिहून दोन्हीकडे चालवायची ही साधनं, एकट्या माणसाला यातलं काय झेपेल? की हे सगळं बंद करून झोपावं?

अर्धविराम

झोपेचं शेवटी बघू, आधी १६ केबी.

आजवर अँड्रॉइडवर मेमरीचं एक पान ४ केबीचं असायचं. नव्या फोनांमध्ये ते १६ केबीचं असू शकतं, पान मोठं म्हणजे हिशेब ठेवायला पानं कमी, म्हणून अ‍ॅप जरा लवकर उघडतं वगैरे. निव्वळ कोटलिन-जावा कोडला यानं काहीच फरक पडत नाही. पण जी डॉट एसओ फाइल (नेटिव्ह लायब्ररी याच रूपात असते) ४ केबीच्या मापाने बांधलेली आहे ती अशा फोनवर लोड होताना अडते. म्हणून गूगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा त्यावरचं टार्गेट असलेल्या नव्या अ‍ॅपना आणि अपडेटना हे बंधनकारक केलं, ज्यांना जमत नव्हतं त्यांना मे २०२६ पर्यंत मुदत मागायची सोय ठेवली होती.

तुमची नेटिव्ह लायब्ररी कुठून आली ते तुम्हीच लिहिलंय की, 'डेटा एन्क्रिप्ट केलेला आहे'. डेटाबेस एन्क्रिप्ट करणाऱ्या लायब्रऱ्यांच्या पोटात सी कोडच असतो. अँड्रॉइड स्टुडिओत बिल्ड मेन्यूतून एपीके अ‍ॅनालायझर उघडा, लिब फोल्डरमध्ये जा, प्रत्येक डॉट एसओपुढे अलाइनमेंट (किती केबीच्या मापाने बांधलीय ते) दिसते. ४ केबी दिसली की तोच गुन्हेगार. स्वतः नेटिव्ह कोड लिहित असता तर एनडीके (गूगलची नेटिव्ह कोडसाठीची साधनं) आर२८ घेऊन पुन्हा बिल्ड केलं की झालं असतं, त्यात हे आपोआप होतं, पण दुसऱ्याची लायब्ररी म्हटल्यावर त्याने नवी आवृत्ती काढलीय का बघणं एवढंच हातात. बिल्ड करणारा अँड्रॉइड ग्रेडल प्लगिनही ८.५.१ किंवा पुढचा ठेवा.

माझ्याकडे हेच झालं होतं. लायब्ररी जिवंत होती पण दुसऱ्या नावाने, जुन्या पॅकेजवर कोणी फिरकत नव्हतं. नवीन घेतली, कंपाइल झालं, खूश झालो आणि जुन्या युजरच्या फोनवर डेटाबेस उघडेनाच. सेटिंगचा डिफॉल्ट बदलला होता. तेव्हा एक करा, जुनं अ‍ॅप टाका, त्यात खरा डेटा भरा आणि त्यावरूनच अपडेट करून बघा. कोऱ्या फोनवर टेस्ट करून काही कळत नाही यातलं.

बिनधास्त_मर्ज

झोपू वगैरे नका हो. मी तीन महिन्यांत चार अ‍ॅप काढली, सगळी एआयकडून. तुमच्या अ‍ॅपला खरी गरज आहे ती फीचरची. डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो काढला की औषधं आपोआप भरली जावीत. गूगलच्या एमएल किटमध्ये अक्षरं ओळखायची सोय आहे, देवनागरीही वाचतं, फोनवरच चालतं, नेट लागत नाही. आणि आता तर अ‍ॅपलनेही आयओएस २६ मध्ये फोनवर चालणारं भाषेचं मॉडेल डेव्हलपरला खुलं केलंय. त्याला वाचलेली अक्षरं द्या, ते औषध-वेळ-मात्रा वेगळी करून देईल. वीकेंडचं काम आहे.

तिसरीघंटा

@बिनधास्त_मर्ज, चिठ्ठीवर ०.५ लिहिलंय आणि टिंब नीट उमटलं नाही तर मॉडेल ५ वाचणार, तेही अगदी आत्मविश्वासाने. दहापट डोस. बातम्यांचं किंवा खर्चाचं अ‍ॅप असतं तर मी काही बोलले नसते, पण इथे फोटोतून जे भरलं जाईल ते माणसाने एकेक ओळ बघून हो म्हटल्याशिवाय सेव्ह होता कामा नये. मग तसं बघत बसायचं तर हातानेच लिहिलेलं काय वाईट. शिवाय अ‍ॅपलचं ते मॉडेल चालतं आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्या फोनांवर. औषधांची आठवण ज्यांना लागते त्यातल्या किती जणांकडे तो फोन असेल?

@आठवणकार, तुमच्या 'शेवटचंच वाजतं'बद्दल. न बघता पैज लावते की पेंडिंग इंटेंट (वेळ झाली की काय करायचं हा सिस्टीमकडे ठेवलेला निरोप) तयार करताना प्रत्येक वेळी रिक्वेस्ट कोड (त्या निरोपाचा क्रमांक) एकच दिलेला आहे, बहुधा शून्य. आणि औषधाचा आयडी इंटेंटच्या एक्स्ट्रामध्ये (सोबतच्या जादा माहितीत) टाकलाय. बरोबर?

गंमत अशी आहे की दोन इंटेंट सारखे आहेत का हे ठरवताना सिस्टीम एक्स्ट्रा बघतच नाही. अ‍ॅक्शन, डेटा, कंपोनंट वगैरे सारखं आणि रिक्वेस्ट कोडही सारखा म्हटल्यावर तिच्या लेखी तो एकच पेंडिंग इंटेंट. तुम्ही सकाळचा अलार्म लावला, दुपारचा लावला तेव्हा सकाळचा पुसला, रात्रीचा लावला तेव्हा दुपारचा पुसला. राहिला शेवटचा. एरर नाही, क्रॅश नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. आणि एक औषध लावून टेस्ट केली की सगळं हिरवंगार.

उपाय सोपा, प्रत्येक डोसला डेटाबेसमधला वेगळा आकडा असेलच, तो रिक्वेस्ट कोड म्हणून द्या. रद्द करतानाही तोच द्या नाहीतर बंद केलेलं औषध वाजत राहील.

हात घातलाच आहे तर आणखी तीन गोष्टी बघून घ्या. अँड्रॉइड १४ पासून नव्याने टाकलेल्या अ‍ॅपला एक्झॅक्ट अलार्मची (ठरल्या मिनिटाला वाजायची) परवानगी आपोआप मिळत नाही, युजरने सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. नसेल तर कोड काय करतो? नोटिफिकेशनची परवानगी अँड्रॉइड १३ पासून वेगळी मागावी लागते, ती नाकारली असेल तर अलार्म वेळेवर येऊनही दिसणार काहीच नाही. आणि तिसरं, फोन रीबूट झाला की लावलेले सगळे अलार्म पुसले जातात, बूट झाल्यावर ते परत लावणारा रिसीव्हर आहे ना? एआयने पुन्हा लिहिताना तो ठेवलाय का हे नक्की बघा.

बिनधास्त_मर्ज

चिठ्ठीचा मुद्दा मान्य, तो विचार केला नव्हता. पण एआयवर सगळं खापर फोडू नका, हा रिक्वेस्ट कोडचा घोळ मी स्वतःच्या हाताने २०१६ मध्ये केलेला आहे.

तिसरीघंटा

मीपण 🙂 म्हणून तर न बघता पैज लावली. फरक एवढाच की तेव्हा तो कोड मी लिहिला होता त्यामुळे कुठे बघायचं ते माहीत होतं. दुसऱ्याने लिहिलेल्या चारशे ओळी एकदम आल्या की आपण वाचतो कमी आणि मान जास्त डोलावतो. मी आता एआयला कोड लिहायला सांगायच्या आधी 'हे कुठे कुठे फसू शकतं ते सांग' असं विचारते, टेस्टची यादी मी ठरवते, लिहायचं काम त्याचं. त्याच्याच कोडची परीक्षा त्यानेच घ्यायची म्हणजे पेपर फुटलेलाच असतो.

जुनाखोड

आयफोनच्या प्रश्नाला कोणी हात लावेना म्हणून मी लावतो.

आधी जरा कौतुक करून घ्या स्वतःचं, लॉगिन न ठेवून अर्ध्या कटकटी वाचवल्यात. खातं उघडायची सोय दिली की अ‍ॅपलला ते अ‍ॅपच्या आतूनच डिलीट करायची सोयही लागते, ३० जून २०२२ पासून, आणि मग मागे सर्व्हर आला, बॅकअप आले, पासवर्ड विसरलेले लोक आले.

आता तुमचा पर्याय निवडायचा प्रश्न. लोक फ्लटर विरुद्ध रिअ‍ॅक्ट नेटिव्ह अशा कुस्त्या लावतात पण तुमच्या बाबतीत प्रश्न तो नाहीच. तुमच्या अ‍ॅपचा जीव कशात आहे? वेळेवर वाजण्यात. आणि नेमका तोच भाग असा आहे की कुठलंही फ्रेमवर्क घ्या, दोन्हीकडे वेगळाच विचार करावा लागतो. याद्या, फॉर्म, रंग हे एकदा लिहून दोन्हीकडे चालेल, अलार्म चालणार नाही.

उदाहरण देतो. आयओएसवर एका अ‍ॅपला पुढे लावून ठेवलेली लोकल नोटिफिकेशन जास्तीत जास्त ६४ ठेवता येतात. कोणी चार औषधं दिवसातून तीन वेळा लावली तर दिवसाला १२, म्हणजे सहाव्या दिवशी कोटा खल्लास, त्यापुढचं वाजणारच नाही जोवर माणूस अ‍ॅप उघडत नाही. आणि आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपबद्दल गंमत ही की सगळं सुरळीत चाललं तर माणूस अ‍ॅप उघडतच नाही! रोज त्याच वेळेचं असेल तर रिपीट लावता येतं, ते एकच मोजलं जातं. पण दिवसाआड, किंवा सात दिवसांचा कोर्स, किंवा आज एक उद्या अर्धी, असलं काही आलं की रिपीटचं गणित मोडतं. त्याला तोड म्हणजे एका वेळेच्या सगळ्या गोळ्यांचं मिळून एकच नोटिफिकेशन. मग दिवसाला तीनच, ६४ मध्ये तीन आठवडे निघतात. आयओएस २६ मध्ये अलार्मकिट नावाचं नवीन प्रकरण आलंय, त्यातून लावलेला अलार्म सायलेंट आणि फोकसमधूनही वाजतो, तुमच्यासाठी सोन्यासारखं आहे, पण जुन्या आयओएसवाल्यांसाठी वरची कसरत आहेच.

म्हणून तुम्ही कोटलिनचे आहात तर कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म घ्या असं म्हणेन. ते नोव्हेंबर २०२३ पासून स्टेबल आहे. वेळापत्रकाचं गणित (कोणती गोळी, कोणत्या दिवशी, कोर्स कधी संपतो) तेवढं एकत्र काढा, ते आत्ताही काढता येईल, आयफोनचा विचार नंतर केला तरी, आणि त्या गणिताच्या टेस्ट फोनशिवाय चालतात हा फायदा लगेच मिळेल. स्क्रीनसुद्धा एकत्र हवे तर कंपोज मल्टिप्लॅटफॉर्म मे २०२५ मध्ये आयओएससाठी स्टेबल झालंय. फ्लटर वाईट नाही, पण त्याच्या डार्ट भाषेत सगळं पुन्हा लिहायचं आलं, शिवाय ते स्वतःचे विजेट (बटणं, याद्या वगैरे) स्वतः रंगवतं, त्यामुळे आयओएस २६ चं ते नवीन काचेसारखं रूप आपोआप येत नाही. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ०.७६ पासून नव्या आर्किटेक्चरवर गेलंय, आधीच जावास्क्रिप्टमध्ये राहणाऱ्याला छान, तुम्हाला शून्यापासून.

आणि कोणी 'हे कायमचं टिकेल' म्हणालं तर हसून सोडून द्या. दोन्हीकडे चालणारं लिहायच्या झामरिनचा सपोर्ट १ मे २०२४ ला संपला, स्टोअरविना अपडेट पाठवणाऱ्या कोडपुशची मूळ सेवा मार्च २०२५ अखेर, नेमक्या पानावर नेणाऱ्या फायरबेसच्या डायनॅमिक लिंक्स ऑगस्ट २०२५ मध्ये. ज्यांचं सगळं त्यावर होतं त्यांना सामान बांधून निघावं लागलं. तुमच्या अ‍ॅपमध्ये डिपेन्डन्सी (दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या) किती आहेत मोजल्यात कधी? मी दर दिवाळीला मोजतो, घर आवरताना अडगळ काढतात तशी.

आमच्या वेळी कोड लिहायला एक्लिप्स होतं आणि एम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) चालू करून आंघोळ उरकून यायचो ते वेगळंच. तेव्हा नियम कमी होते, पण अ‍ॅप टाकताना सगळ्या परवानग्या एका फटक्यात मागायचो आणि लोक देऊन टाकायचे, तेही काही बरं नव्हतं.

चकवा

मी शिकतोय अजून, मध्येच घुसतो. माझं तर अ‍ॅप तयार आहे आणि बाहेरच काढता येईना. गूगल प्लेवर नवीन वैयक्तिक अकाउंट आहे त्यामुळे आधी क्लोज्ड टेस्टिंग (निवडक लोकांकडूनच चाचणी), १२ टेस्टर, सलग १४ दिवस. मित्रांना लावलं, नऊ जण मिळाले, त्यातले दोघं आयफोनवाले निघाले. आता ग्रुपवर 'तू माझं टेस्ट कर मी तुझं करतो' असं चालतं त्यात घुसू का? की सरळ वेबसाइटवर एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) टाकून मोकळा होऊ?

अर्धविराम

आधी २० लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये १२ केले. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना लागू आहे. अदलाबदलीच्या ग्रुपमध्ये आकडा भरेल पण कोणी अ‍ॅप उघडून बघणार नाही, आणि प्रॉडक्शनसाठी (सगळ्यांना खुलं करायला) अर्ज करताना टेस्टरनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं हे विचारतात, तिथे काय लिहिणार? बारा पुरते पकडू नका, अठरा-वीस पकडा, मधेच कोणी बाहेर पडलं तर दिवस वाया जातात.

एपीकेचं म्हणाल तर तीही वाट पूर्वीसारखी मोकळी राहत नाहीये. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय की सर्टिफाइड (गूगलने प्रमाणित केलेल्या) अँड्रॉइड फोनवर टाकल्या जाणाऱ्या अ‍ॅपच्या डेव्हलपरची ओळख पडताळलेली हवी, स्टोअरबाहेरून टाकलं तरी. सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडपासून सुरुवात आणि २०२७ पासून पुढे बाकी जग.

आठवणकार

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

@तिसरीघंटा, पैज जिंकलात. शून्य. तीन ठिकाणी शून्य. डोसचा आयडी दिला, पाच औषधं लावली, पाचही वाजली, घरचे वैतागले. परवानगी नसेल तर काय करायचं हा विचार कोडमध्ये नव्हताच, आता अ‍ॅप उघडल्यावर वर एक पिवळी पट्टी दाखवतो, दाबली की थेट त्या सेटिंगमध्ये नेतो.

@अर्धविराम, तीच लायब्ररी निघाली. नवीन आवृत्ती टाकून जुन्या डेटावरून अपडेट करून बघितलं, पहिल्यांदा उघडलं नाही, सेटिंग बदलल्यावर उघडलं. तुम्ही सांगितलं नसतं तर मी कोऱ्या फोनवर बघून पाठवून दिलं असतं.

@जुनाखोड, आयफोन यंदा नाही. वेळापत्रकाचं गणित मात्र वेगळं काढायला घेतलंय, काढताना 'दिवसाआड' मध्ये महिना बदलला की एक दिवस चुकतोय असं सापडलं, हे दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तिसरीघंटा

वा. आणि रीबूट?

आठवणकार

अरे हो, ते राहिलंच. थांबा.

आठवणकार

रीबूट केला. पाच औषधं लावली होती, एकही वाजलं नाही. मॅनिफेस्टमध्ये (घटकांच्या यादीत) रिसीव्हर आहे, त्याच्यामागचा क्लास, म्हणजे खरा कोड, एआयने 'वापरात नाही' म्हणून रिकामा करून ठेवलाय. आज रात्रीही जागरण.